दुपट्याला क्रोशाची किनार

घरात बाळ येणार असे कळले म्हणजे ज्या वस्तूंची जुळवाजुळव सुरू होते, त्यांत दुपट्याचे स्थान पहिल्या काही वस्तूंत असते. महाराष्ट्रात झबली, टोपरी, कुंची, लंगोट आणि दुपटी यांचा मिळून बाळंतविडा होतो. तमिळ मुलखात सातव्या महिन्याच्या सुमारास वळैकाप्पु म्हणजे बांगड्या भरण्याचा समारंभ होतो आणि त्यानंतर मुलगी माहेरी येते. तेथेही जुन्या मऊ कापडाच्या घड्या करून ठेवण्याची लगबग तेव्हापासूनच सुरू होते. तंजावूरसारख्या गावी, जेथे मराठी आणि तमिळ घरे तीन शतकांहून अधिक काळ शेजारी राहत आली आहेत, तेथे या दोन्ही पद्धतींची ओळख एकमेकींना असणे स्वाभाविकच आहे.

दुपटे म्हणजे मऊ सुती कापडाचा दोन पदरी चौकोन. त्याची कडा उसवू नये एवढ्यासाठी ती दुमडून शिवावी लागते. या कडेला सुताची विणलेली किनार लावली म्हणजे दुपट्याला शोभा येते आणि कापडाच्या ज्या भागाची झीज सर्वांत आधी होते तो भाग मजबूतही होतो. प्रस्तुत पाठात ही किनार क्रोशाच्या सुईने कशी विणावी, तिचे टाके कसे मोजावेत आणि लहान मुलाच्या वस्तूच्या बाबतीत कोणती सावधगिरी बाळगावी, यांचा क्रमाने विचार केला आहे.

काठाची परंपरा

तंजावूर हे काठांचे गाव आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही. कावेरीच्या खोऱ्यातील या प्रदेशात तंजावूर, कुंभकोणम आणि तिरुभुवनम् येथे रेशमी विणकाम पिढ्यानपिढ्या चालत आले आहे आणि त्या वस्त्रांची ओळख त्यांच्या काठांवरून आणि पदरावरून पटते. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसले यांनी तंजावूरची गादी मिळविली. त्यांच्या वंशाची सत्ता १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीच्या मृत्यूबरोबर संपली. या राजघराण्यासाठी कोडाली करुप्पूर या गावी एक विशेष प्रकारचे वस्त्र तयार होत असे. विणताना त्यात जर घालीत आणि नंतर मेण लावून नैसर्गिक रंगांत ते रंगवीत. राजाश्रय संपल्यावर ती कला एकोणिसाव्या शतकातच लोपली. राजाश्रयावर उभा राहिलेला व्यवसाय आश्रयाबरोबर जातो, याचे हे एक उदाहरण आहे.

क्रोशाचे काम मात्र तंजावूरच्या नावाजलेल्या हस्तव्यवसायांपैकी नव्हे. तंजावूरची चित्रे, वीणा, मान हलविणाऱ्या बाहुल्या आणि नक्षीची तबके यांना जी कीर्ती लाभली, तशी ती सुईच्या या कामाला लाभलेली नाही. ते घरातले काम आहे. तथापि दक्षिण भारतात लेसचे काम ज्या मार्गाने आले, त्या मार्गात तंजावूरचे नाव येते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूर हे प्रॉटेस्टंट मिशनचे मोठे केंद्र होते. धर्मोपदेशक श्वार्ट्झ हे तेथेच राहत. पुढे १७९८ मध्ये गादीवर बसलेल्या दुसऱ्या सरफोजीच्या बालपणीच्या शिक्षणाची काळजी त्यांनीच वाहिली होती. याच मिशनमधील हॉर्स्ट या धर्मोपदेशकांची कन्या जोहाना हिचा विवाह चार्ल्स मीड यांच्याशी झाला आणि ती दक्षिण त्रावणकोरात, नागरकोइलला गेली. १८१९ मध्ये मॉल्ट पतिपत्नी तेथे आली. मार्था मॉल्ट आणि जोहाना मीड यांनी मुलींसाठी ज्या शाळा चालविल्या, त्यांत वाचन-लेखनाबरोबर सुईकामाला स्थान होते. मार्था मॉल्ट यांनी तेथे लेस विणण्याची सुरुवात केली. त्रावणकोरात त्या काळी दास्याची चाल होती. ती १८५५ मध्ये राजाज्ञेने बंद झाली. तोपर्यंत लेसच्या विक्रीतून हाती आलेल्या पैशांवर काही मुलींना आपली दास्यातून सुटका विकत घेता आली, अशी नोंद मिशनच्या इतिहासात आहे. बोटभर रुंदीच्या सुती पट्टीची किंमत कधीकधी माणसाच्या मोकळीकीइतकी असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाकडे केवळ फावल्या वेळचा छंद म्हणून पाहता येत नाही.

नागरकोइलची ती लेस उशीवरची होती. एका घट्ट उशीवर आकृतीचा कागद ठेवायचा, त्यावर टाचण्या टोचायच्या आणि अनेक लाकडी फिरक्यांवरचे धागे एकमेकांवरून फिरवून जाळी विणायची, अशी तिची रीत. क्रोशाचे तसे नाही. क्रोशाला एक धागा आणि टोकाला आकडा असलेली एक सुई एवढेच साहित्य लागते. फ्रेंच भाषेत क्रोशे म्हणजे लहान आकडा. या साधेपणामुळेच ही कला एकोणिसाव्या शतकात वेगाने पसरली. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचे पीक बुडून जो भीषण दुष्काळ पडला, त्या काळात कित्येक कुटुंबांना क्रोशाच्या लेसने आधार दिला. भारतात या कामाचे सर्वांत मोठे केंद्र आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यातले नरसापूर हे होय. तेथेही एकोणिसाव्या शतकात मिशनच्या स्त्रियांनीच हे काम शिकविले. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशाच्या लेसला भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली.

साहित्याची निवड

तंजावूरच्या हवेत लोकरीचे पांघरूण बाळाला सोसवत नाही. वर्षातील बहुतेक महिने उष्मा असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो आणि हवा दमट राहते. मार्गळी महिन्यातील पहाटे तेवढा गारवा जाणवतो. म्हणून येथे दुपटे मलमलीचे किंवा वापरून मऊ झालेल्या सुती धोतराचे अथवा लुगड्याचे करणे योग्य आणि त्याची किनारही सुताचीच असावी. लोकरीचे तंतू सुटून बाळाच्या नाकातोंडात जाण्याचा संभव असतो. सुताच्या पिळदार दोऱ्यात तो दोष फार कमी असतो.

दोरा मर्सराइझ केलेला घ्यावा. जॉन मर्सर या इंग्रज रसायनज्ञाने १८४४ च्या सुमारास असा शोध लावला की, दाहक सोड्याच्या द्रावणात बुडविल्यास सुताचे तंतू फुगतात आणि त्यांची बळकटी वाढते. पुढे हे सूत ताणून धरून तीच क्रिया करण्यात येऊ लागली, तेव्हा त्याला रेशमासारखी चमकही आली. असा दोरा रंग चांगला धरतो आणि कमी आटतो. क्रोशाच्या दोऱ्याला क्रमांक असतात. क्रमांक जितका मोठा, तितका दोरा बारीक. दुपट्यासाठी दहा क्रमांकाचा दोरा आणि दीड ते पावणेदोन मिलिमीटर जाडीची पोलादी सुई पुरेशी होते. वीस क्रमांकाच्या दोऱ्याने किनार नाजूक येते, परंतु श्रम जवळजवळ दुप्पट होतात.

कापड आणि दोरा ही दोन्ही विणण्यापूर्वी धुऊन घ्यावीत, ही गोष्ट नवशिक्यांच्या हातून बहुधा राहून जाते. न धुतलेले सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. किनार आटली नाही आणि कापड आटले, तर किनारीला झालर पडते. उलट झाल्यास दुपट्याच्या कडा आत ओढल्या जातात. दोऱ्याची लडी सैल बांधून कोमट पाण्यात भिजवावी, सावलीत वाळवावी आणि मगच तिचा गुंडा करावा. रंगीत दोरा असल्यास तो ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून पाहावा. बाळ हाती येईल ते तोंडात घालते. ज्या दोऱ्याचा डाग कापडावर उमटतो, तो बाळाच्या वस्तूसाठी वापरू नये.

मूळ टाके

या किनारीसाठी चारच टाके यावे लागतात.

पहिला टाका साखळीचा. सुईवर एक फास असताना दोरा सुईच्या आकड्यावर घेऊन त्या फासातून ओढला की एक साखळी होते.

दुसरा सरका टाका. सुई विणीत घालून, दोरा घेऊन, तो विणीतून आणि सुईवरच्या फासातून एकदमच बाहेर काढायचा. याला उंची नसते. फेरीची दोन टोके जोडण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

तिसरा मुका खांब. सुई विणीत घालून दोरा बाहेर ओढला की सुईवर दोन फास होतात. पुन्हा दोरा घेऊन तो दोन्ही फासांतून काढला म्हणजे मुका खांब पुरा होतो. हा टाका जितका रुंद असतो, जवळजवळ तितकाच उंच असतो. पुढे कोपऱ्याच्या हिशेबात या गोष्टीचा उपयोग होणार आहे.

चौथा खांब. आधी सुईला दोऱ्याचा एक वेढा द्यायचा आणि मग सुई विणीत घालून दोरा बाहेर ओढायचा. सुईवर आता तीन फास असतात. दोरा घेऊन पहिल्या दोन फासांतून काढायचा आणि पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोन फासांतून काढायचा. खांबाची उंची मुक्या खांबाच्या दुपटीहून थोडी कमी असते.

हाताची ओढ सारखी राहणे हे यांतले खरे कौशल्य होय. दुपट्यावर काम सुरू करण्यापूर्वी वीस मुक्या खांबांचा एक नमुना विणून तो मोजावा. दहा क्रमांकाच्या दोऱ्यात एक मुका खांब साधारणपणे तीन मिलिमीटर रुंद येतो. म्हणजे वीस मुके खांब सहा सेंटिमीटरांत बसले पाहिजेत. ते पाच सेंटिमीटरांत बसत असतील, तर हात घट्ट आहे असे समजून सुई एका मापाने जाड घ्यावी. सात सेंटिमीटर लागत असतील, तर बारीक सुई घ्यावी.

कापडाची तयारी

उदाहरणासाठी ७५ सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब असे दुपटे घेऊ. त्याच्या चारही कडा दुमडून हातशिलाईने घट्ट केलेल्या आहेत. क्रोशाची सुई थेट कापडात खुपसली, तर कापडाचे धागे तुटतात. म्हणून आधी शिवणाच्या सुईने कडेवर काजाचा टाका घालावा. टाक्यांमधील अंतर सहा मिलिमीटर आणि खोलीही सहा मिलिमीटर ठेवावी. अंतर सारखे येण्यासाठी पट्टीने पेन्सिलीचे बारीक ठिपके करावेत. कोपऱ्यावर एकाच छिद्रातून तीन टाके घ्यावेत. पहिला एका बाजूला सरळ, दुसरा कोपऱ्याच्या टोकाकडे तिरपा आणि तिसरा दुसऱ्या बाजूला सरळ.

काजाच्या प्रत्येक दोन टाक्यांमध्ये कडेलगत दोऱ्याची एक लहान कमान तयार होते. रुंदीच्या बाजूवर अशा १२५ आणि लांबीच्या बाजूवर १५० कमानी येतात. या कमानीच किनारीचा पाया होत.

पहिली फेरी आणि कोपऱ्याचा नियम

पहिल्या फेरीत प्रत्येक कमानीत दोन मुके खांब घालावेत. कमान सहा मिलिमीटरांची आणि मुका खांब तीन मिलिमीटरांचा, म्हणून दोनच. कोपऱ्यावर तिरप्या टाक्याच्या माथ्याखालून सुई घालून तेथे तीन मुके खांब घालावेत. फेरी कोपऱ्यापासून सुरू न करता कडेच्या मध्यावर सुरू करावी. शेवटी सरक्या टाक्याने दोन्ही टोके जोडावीत.

कोपऱ्यात तीनच मुके खांब का, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. बहुतेक ठिकाणी हा नियम म्हणून सांगितला जातो. त्याचे कारण साध्या भूमितीत आहे. चौकोनाभोवती एखादी पट्टी जोडली, तर बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लांब होते. प्रत्येक कोपऱ्यावर ती पट्टीच्या रुंदीच्या दुपटीने वाढते, कारण कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना पट्टीच्या रुंदीएवढी भर पडते. मुक्या खांबांच्या एका फेरीची रुंदी म्हणजे एका मुक्या खांबाची उंची आणि ती त्याच्या रुंदीएवढीच असते. म्हणजे कोपऱ्यावर दोन मुक्या खांबांची भर पडावयास हवी. एका जागी एकाऐवजी तीन घातले की नेमके दोन वाढतात. कोपऱ्यात एकच घातला, तर दुपटे वाटीसारखे वळते. पाच घातले, तर कोपरा फुगून त्याला झालर पडते. कारण समजले म्हणजे नियम पाठ करण्याची आवश्यकता उरत नाही आणि अन्य जाडीचा दोरा घेतला तरी काम अडत नाही.

दुसरी फेरी आणि टाक्यांचा हिशेब

पहिल्या फेरीनंतर टाके मोजून घ्यावेत. कोपऱ्यातील तीन मुक्या खांबांपैकी मधला हा कोपऱ्याचा टाका समजावा आणि त्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण अडकवावी. उरलेले दोन शेजारच्या दोन बाजूंना एकेक असे जातात. म्हणून रुंदीच्या बाजूवर २५० अधिक २, म्हणजे २५२ आणि लांबीच्या बाजूवर ३०२ मुके खांब होतात.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक मुक्या खांबावर एक मुका खांब आणि कोपऱ्याच्या टाक्यावर पुन्हा तीन घालावयाचे असतात. त्यामुळे प्रत्येक बाजूवर दोन वाढून त्या संख्या २५४ आणि ३०४ होतील. परंतु याच फेरीत त्या पुढील नक्षीला जुळवून घ्यावयाच्या आहेत.

नक्षी शिंपल्याची आहे. एकाच जागी पाच खांब घातले म्हणजे शिंपला होतो. तिची रचना अशी: दोन टाके सोडून तिसऱ्यात एक मुका खांब, पुन्हा दोन सोडून तिसऱ्यात शिंपला. म्हणजे सहा टाक्यांत एक आवर्तन पुरे होते. प्रत्येक कोपऱ्याच्या टाक्यावर शिंपलाच यावा, अशी इच्छा असते. दोन कोपऱ्यांच्या मध्ये असलेले टाके आणि पुढला कोपऱ्याचा एक टाका मिळून येणाऱ्या संख्येला सहाने पूर्ण भाग गेला पाहिजे. दुसऱ्या शब्दांत, बाजूवरील टाक्यांत एक मिळविला की ती संख्या सहाच्या पाढ्यातील असावी.

२५४ च्या जवळ अशा संख्या २५१ आणि २५७ या आहेत. दोन्ही तीनच टाक्यांनी दूर आहेत. अशा वेळी कमी संख्या घ्यावी, कारण किंचित ताणलेली कड इस्त्रीखाली सरळ होते, पण वाढलेल्या कडेची झालर जात नाही. म्हणून रुंदीच्या प्रत्येक बाजूवर समान अंतरांवर तीन ठिकाणी दोन टाके एकत्र विणून २५१ करावेत. लांबीच्या बाजूवर ३०४ ऐवजी ३०५ हवेत. म्हणून तेथे मध्याच्या सुमारास एका जागी दोन मुके खांब घालावेत. समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत ना, हे पाहूनच फेरी बंद करावी.

हा हिशेब अवघड वाटण्याचे कारण नाही. तंजावूरच्या प्रत्येक उंबऱ्यापुढे भल्या पहाटे जे कोलम घातले जाते, ते याच तत्त्वावर चालते. आधी ठिपके मोजून मांडावयाचे आणि मग त्यांच्याभोवती रेघ फिरवून ती जेथून निघाली तेथेच आणून मिळवावयाची. एक ठिपका चुकला की रेघ मिटत नाही. मराठी घरातील ठिपक्यांच्या रांगोळीचेही तेच. ज्या हाताला ठिपके मोजण्याची सवय आहे, त्याला टाके मोजणे परके वाटू नये.

तिसरी फेरी: शिंपल्यांची

कोपऱ्याच्या टाक्यानंतर दोन टाके सोडून तिसऱ्या टाक्यात सुई घालून दोरा जोडावा. एक साखळी घालून त्याच जागी मुका खांब घालावा. पुढे दोन टाके सोडून तिसऱ्यात पाच खांब, पुन्हा दोन सोडून तिसऱ्यात मुका खांब, असा क्रम चालू ठेवावा. खूण केलेला कोपऱ्याचा टाका आला म्हणजे तेथे पाचांऐवजी सात खांब घालावेत. सातांमुळे शिंपला पंख्यासारखा उघडतो आणि कोपरा गोलसर, सपाट बसतो. फेरीच्या शेवटी पहिल्या मुक्या खांबाशी सरक्या टाक्याने जोडावे.

हिशेब बरोबर असेल, तर रुंदीच्या प्रत्येक बाजूवर ४१ आणि लांबीच्या प्रत्येक बाजूवर ५० शिंपले येतील. चार बाजूंचे मिळून १८२ आणि कोपऱ्यांचे ४, असे एकूण १८६. कोपरा जवळ आला असता शिंपल्याऐवजी मुका खांब येत असल्यास मोजण्यात चूक झाली आहे असे समजावे आणि मागील खूणेपर्यंत उसवावे. पुढे कोठेतरी एखादा टाका दडवून चूक झाकता येते, पण शेजारचे दोन शिंपले त्या ठिकाणी दाटलेले दिसतात. उसवणे हा क्रोशाचा दोष नसून गुण आहे. धागा एकच असल्यामुळे कितीही मागे जाता येते आणि दोरा वाया जात नाही.

लागणाऱ्या दोऱ्याचा अंदाज आधी घ्यावयाचा असल्यास नमुन्यावर दहा शिंपले विणून ते उसवावेत आणि सुटलेला दोरा मोजावा. समजा, तो दोन मीटर भरला, तर १८६ शिंपल्यांना सुमारे सदतीस मीटर दोरा लागेल. आधीच्या दोन फेऱ्यांचा अंदाजही याच रीतीने घेऊन एकूण दोऱ्यात दहावा हिस्सा अधिक धरावा. एकाच रंगाचा असूनही निरनिराळ्या वेळी रंगविलेला दोरा थोडा वेगळा दिसतो. म्हणून पुरेसा दोरा एकदमच घेणे हिताचे.

बाळाची सुरक्षितता

शोभेच्या वस्तूचे नियम आणि बाळाच्या वस्तूचे नियम एक नसतात. टेबलावरच्या रुमालाला लांब साखळ्यांची जाळी, गोंडे, मणी आणि फिती शोभतात. दुपट्याला त्यांतले काहीही लावू नये. तान्ह्या मुलाची बोटे बारीक असतात आणि मोठ्या छिद्रांत सहज शिरतात. सुटा धागा किंवा केस बोटाभोवती गुंडाळला गेला, तर बोटाचे रक्ताभिसरण बंद पडते, ते सुजते आणि वेळेवर लक्षात न आल्यास बोट गमावण्याची पाळी येते. मूल रडते, पण कारण सांगू शकत नाही. म्हणून येथे दाट शिंपल्यांची नक्षी निवडली आहे. तीत बोट अडकेल अशी मोकळी कमान नाही. दोऱ्याची टोके गाठ मारून कापून टाकू नयेत. ती शिवणाच्या सुईत ओवून विणीच्या आतून एका दिशेने तीन सेंटिमीटर आणि उलट दिशेने पुन्हा तितकीच फिरवावीत. प्रत्येक धुण्यानंतर किनार बोटाने चाचपून पाहावी आणि जेथे टाका सुटला असेल तेथे तो लगेच पक्का करावा.

दुसरी गोष्ट झोपेची. एक वर्षाच्या आतील मुलाच्या अंथरुणात सैल पांघरूण, उशी किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत, असा बालरोगतज्ज्ञांचा आज स्पष्ट सल्ला आहे. पांघरूण तोंडावर आले, तर ते बाजूला सारण्याची शक्ती तान्ह्या मुलात नसते. मूल सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे निजवावे. तमिळ घरांतील तूळी आणि मराठी घरांतील झोळी ही कापडाची असल्यामुळे त्यांत सैल दुपटे ठेवणे अधिकच धोक्याचे. मग दुपट्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. मांडीवर घेताना, न्हाऊ घातल्यावर टिपून गुंडाळताना, देवदर्शनास किंवा दवाखान्यात नेताना आणि जागे असताना जमिनीवर खेळविताना दुपट्याची गरज लागतेच. यांतील प्रत्येक वेळी मोठ्या माणसाची नजर बाळावर असते, हे महत्त्वाचे.

तिसरी गोष्ट साठवणीची. दुपटी बहुधा एका मुलासाठी होतात आणि पुढल्या मुलासाठी जपून ठेवली जातात. ती पेटीत डांबरगोळ्यांबरोबर ठेवण्याची सवय घातक आहे. या गोळ्या नॅफ्थॅलीनच्या असल्यास त्याचा अंश कापडात राहतो. ज्या मुलांच्या रक्तपेशींत जन्मतःच एका विशिष्ट विकराची उणीव असते, त्यांच्या रक्तपेशी त्यामुळे फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. अशी उणीव आहे की नाही, हे मुलाकडे पाहून कळत नाही. दुपटी स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, जुन्या सुती कापडात बांधून ठेवावीत आणि वापरण्यापूर्वी पुन्हा धुऊन उन्हात टाकावीत. कावेरीच्या खोऱ्यात पावसाळ्याच्या अखेरच्या महिन्यांत कपडे नीट वाळत नाहीत. दमट राहिलेल्या सुताला बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. म्हणून साठवणीचे काम तै महिन्याची कोरडी उन्हे सुरू झाल्यावर करावे.

धुताना सौम्य साबण वापरावा, पिळू नये आणि खळ घालू नये, कारण खळीने किनार ताठ होऊन बाळाच्या गालाला खुपते. ओले दुपटे सपाट पसरून शिंपले बोटांनी नीट करावेत. इस्त्री उलट बाजूने, जाड कापडावर ठेवून फिरवावी. सरळ बाजूने दाबल्यास खांब चपटे होतात.

श्रमाचे मोल

शेवटी एक हिशेब उरतो. सराईत हाताला एका आवर्तनास एक मिनिट लागते असे धरले, तरी १८६ आवर्तनांना तीन तासांहून अधिक वेळ लागतो. पहिल्या दोन फेऱ्यांत मिळून दोन हजारांहून अधिक मुके खांब आहेत. त्यांचा वेळ निराळा. काजाचे टाके, मोजणी, उसवणे आणि टोके मुरविणे यांचा वेळ त्याहून निराळा. घरच्या बाळासाठी विणणारी आजी हा हिशेब मांडीत नाही आणि तिने तो मांडावा अशी अपेक्षाही नाही. परंतु तेच काम पोटासाठी करणाऱ्या स्त्रीचा हिशेब कोणीतरी मांडला पाहिजे.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करून १८ व्या-१९ व्या शतकातील नव्हे, तर आपल्याच काळातील परिस्थिती १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडली. दूरदेशीच्या बाजारपेठेसाठी माल तयार करणाऱ्या या स्त्रियांकडे कामगार म्हणून पाहिलेच जात नव्हते. घरी बसलेल्या गृहिणी फावल्या वेळात काही विणतात, असे मानले जात असे आणि त्या समजुतीच्या आधारे त्यांना अत्यल्प मजुरी दिली जात असे. दोरा देणारा मध्यस्थ, माल गोळा करणारा मध्यस्थ आणि निर्यात करणारा व्यापारी यांच्या साखळीत विणणारी सर्वांत शेवटी उभी होती.

एकदा स्वतःच्या हाताने चार कोपरे वळवून पाहिले म्हणजे बाजारात मांडलेल्या क्रोशाच्या किनारीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. तिच्यातील टाके मोजता येतात, त्यामागचे तास मोजता येतात आणि सांगितलेली किंमत त्या तासांना पुरते की नाही, हेही ठरविता येते. यंत्राने विणलेल्या लेसमध्ये क्रोशाचा आभास पुष्कळ साधतो, परंतु कोपऱ्यावर येऊन थांबणारा, मोजणारा आणि तेथे सात खांब घालून पुढे जाणारा हात तिच्यात नसतो. विकत घेणाऱ्याने कोपरा पाहावा. तो सपाट बसला असेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंची नक्षी सारखी असेल, तर काम जाणत्या हाताचे आहे असे समजावे आणि त्याचे दाम घासाघीस न करता द्यावे.